कर्करोगाने मूत्राची वाट अडविली असता

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि बालगोपाळांचे नाट्यप्रवेश यांच्यामध्ये कर्करोगावरील व्याख्यान ठेवावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. स्नेहसंमेलनाचा दिवस आनंदाचा असतो, आणि आम्ही मांडणार आहोत तो विषय आनंदाचा नाही. तरीही कार्यकारी मंडळाने आम्हांस अनुज्ञा दिली याबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. वर्षातून एकदाच आपली सर्व कुटुंबे एका मांडवाखाली जमतात, आणि आम्हांस जे सांगावयाचे आहे ते कुटुंबास सांगावयाचे आहे, एकट्या रुग्णास नव्हे. विषयाच्या ओघात काही असे शब्द येतील, जे आपण चारचौघांत सहसा उच्चारीत नाही. वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल क्षमा करावी. त्या न उच्चारण्यानेच पुष्कळ नुकसान होत आलेले आहे.

आमच्या व्यवसायात एक प्रसंग वारंवार पाहावयास मिळतो. घरातील आई, काकू वा आजी यांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचे निदान होते. गावाकडे यास पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. पुढे सोनोग्राफीच्या कागदावर ‘मूत्रपिंडावर सूज’ असे लिहून येते, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसते, आणि घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ‘आता किडनीलाही लागले, म्हणजे संपले’, असा निष्कर्ष निघतो व रुग्णास घरी नेले जाते. दुसऱ्या घरी याच्या उलट घडते. रुग्णाची शक्ती संपत आलेली असता, ‘काहीही करा, पण करा’ असा आग्रह धरला जातो. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. पण चूक दोहींकडे एकच होते. मूत्राची वाट अडली आहे काय, आणि कर्करोगाची अवस्था काय आहे, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे निरनिराळी मिळतात, आणि ती स्वतंत्रपणे विचारली पाहिजेत. आजच्या व्याख्यानात आम्हांस मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम शरीराची रचना पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशास, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती रक्तातून गाळतात, त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात घेतात, आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र म्हणून बाहेर टाकतात. हे मूत्र दोन बारीक नळ्यांनी मूत्राशयात उतरते. या नळीस मूत्रवाहिनी म्हणतात. तिची लांबी २५ ते ३० सेंटिमीटर आणि आतील पोकळी अवघी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीचा दाणा जेमतेम सरकेल एवढी असते.

स्त्रीच्या ओटीपोटात उतरल्यावर ही मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या मुखापासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावरून जाते. गर्भाशयास रक्त पुरविणारी रोहिणी तिच्यावरून आडवी जाते. वैद्यकीय महाविद्यालयांत हे विद्यार्थ्यांस पूल आणि पुलाखालचे पाणी या उपमेने शिकविले जाते, कारण शस्त्रक्रियेत येथे हात चुकला तर मूत्रवाहिनीस इजा होते. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. गर्भाशयमुखाशी निर्माण झालेला कर्करोग बाजूस पसरू लागला की त्यास मूत्राची वाट गाठण्यास एवढेच अंतर काटावयाचे असते.

कर्करोग मूत्रसंस्थेपर्यंत पोहोचण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिल्यात तो मूत्रवाहिनीच्या आत शिरत नाही. बाहेरून वाढत जाऊन तिला आवळतो, किंवा कर्करोगाने फुगलेल्या लसिकाग्रंथी तिला दाबतात. दुसऱ्यात तो पुढे सरकून मूत्राशयाच्या भिंतीत शिरतो व आतल्या अस्तरापर्यंत येतो. तिसऱ्यात जठर, स्तन अशा दूरच्या अवयवातील कर्करोगाच्या पेशी रक्तातून वा लसिकेतून वाहत येऊन मूत्रवाहिनीच्या भिंतीत रुजतात. हा प्रकार विरळा आहे. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा, आणि स्त्री-पुरुष दोघांतही मोठ्या आतड्याचा कर्करोग मूत्राची वाट अडवू शकतो. परंतु आपल्या देशात या विषयाचा विचार गर्भाशयमुखापासूनच सुरू करावा लागतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षी सुमारे १,२७,००० स्त्रियांस हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आपल्या स्त्रियांत याचाच क्रमांक लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गर्भाशयमुखाचा कर्करोग मूत्राशयात शिरला म्हणजे तो मूत्राशयाचा कर्करोग होत नाही. माणूस परगावी स्थायिक झाला म्हणून त्याचे मूळ गाव बदलत नाही, तसेच हे आहे. औषधयोजना मूळ रोगाच्या धोरणाने होते. म्हणून ‘आता दुसराच कॅन्सर निघाला’ असे समजून वैद्य बदलीत हिंडणे व्यर्थ होय.

आता या अवस्थेचे सर्वांत फसवे लक्षण सांगतो, आणि ते म्हणजे लक्षण नसणे. मुतखडा मूत्रवाहिनीत अडकला असता माणूस गडबडा लोळतो, कारण वाट एकाएकी बंद होते. कर्करोग ती हळूहळू, आठवड्यामागून आठवडे आवळीत नेतो. मूत्रपिंड आतल्या आत फुगत जाते, पण दुखत नाही. एक बाजू बंद झाली तर दुसरे मूत्रपिंड तिचेही काम उचलते, आणि रक्ताची तपासणी कित्येकदा जवळजवळ निर्दोष येते. दुसरी बाजूही आवळली गेली म्हणजे मात्र विषारी द्रव्ये रक्तात साचू लागतात. अन्नावरची वासना उडते, मळमळते, उचकी लागते, अंगास खाज सुटते, पावलांवर व चेहऱ्यावर सूज येते, धाप लागते, लघवी कमी होते आणि गुंगी येऊ लागते. रक्तातील पोटॅशियम वाढले तर हृदय अकस्मात बंद पडण्याचे भय असते. घरी मात्र या प्रत्येक लक्षणास एकेक निरुपद्रवी नाव तयार असते. मळमळीस पित्त म्हणतात, सुजेस अशक्तपणा म्हणतात, गुंगीस वय म्हणतात. कर्करोगाच्या रुग्णास ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे. अडलेल्या मूत्रपिंडात जंतूंचा शिरकाव होऊन थंडी वाजून ताप आला, तर दिवस मोजीत बसू नये. तासांत इस्पितळ गाठावे.

दुसरी लक्षणे मूत्राशयाकडून येतात. लघवीत रक्त, वारंवार लागणारी व जळजळणारी लघवी, आणि रोग फारच पुढे गेला तर मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून लघवीचे अखंड झिरपणे. या शेवटच्या व्यथेने कित्येक भगिनी माजघराबाहेर येईनाशा होतात, सणावारास बसेनाशा होतात, आणि वासाच्या लाजेने वैद्यांसही सांगत नाहीत. ज्या घरात अशी स्त्री असेल त्या घरच्या सुनांना व लेकींना आमची विनंती आहे की, त्यांनी स्वतः होऊन, हलक्या आवाजात, पण स्पष्ट विचारावे. यावरही उपाय असतो.

निदानाचा क्रम आता कठीण राहिलेला नाही. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, तरी त्यांत मूत्राची वाट दिसत नसे. शिरेतून औषध टोचून ती क्ष-किरणचित्रात उमटविण्याची पद्धत १९२९ साली बर्लिन येथे मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टराने यशस्वी केली. मूत्राशयात दिवा नेऊन आत पाहण्याची दुर्बीण त्याच्याही आधी, १८७९ साली, माक्स नित्झे यांनी व्हिएन्ना येथे दाखविली होती. आज तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी होते. तीत सुई टोचावी लागत नाही, घातक किरणांचा संबंध येत नाही, आणि फुगलेले मूत्रपिंड काही मिनिटांत दिसते. त्यापुढे अडथळा नेमका कोठे आणि कशाने झाला हे सी. टी. स्कॅन वा एम. आर. आय. यांनी कळते. सी. टी. स्कॅनपूर्वी शिरेतून जे औषध देतात ते दुबळ्या मूत्रपिंडास बाधू शकते. यास्तव क्रिएटिनिनचा ताजा कागद जवळ ठेवावा व तो तंत्रज्ञास आपण होऊन दाखवावा. मूत्राशयात रोग शिरल्याची शंका असल्यास दुर्बिणीने पाहून संशयित भागाचा तुकडा तपासावयास घेतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हा समज आपल्यात खोल रुजलेला आहे. तो खरा मानून तपासणी टाळणाऱ्याचा रोग तपासणीविना पसरत राहतो, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

या तपासणीस इतके महत्त्व का, ते सांगतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे चार टप्पे मानतात. कर्करोगामुळे एका जरी बाजूचे मूत्रपिंड फुगलेले असेल, तर बाकी रोग लहान वाटत असला तरी तो तिसऱ्या टप्प्यातील ‘ब’ वर्गात गणला जातो. मूत्राशयाच्या अस्तरात रोग सापडला तर तो चौथ्या टप्प्याच्या ‘अ’ वर्गात जातो. टप्पा बदलला की उपचाराची दिशा बदलते. सारांश, मूत्रसंस्थेची तपासणी ही शेवटी उरकावयाची गोष्ट नसून पहिल्याच आठवड्यात करावयाची गोष्ट आहे.

आता उपचाराकडे वळू. पहिले काम म्हणजे वाट मोकळी करणे. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग आतून. मूत्राशयातून दुर्बिणीच्या साहाय्याने एक बारीक लवचीक नळी मूत्रवाहिनीतून वर मूत्रपिंडात सरकवितात. १९६७ साली झिम्सकिंड यांनी सिलिकॉनच्या अशा नळ्या वापरल्याचे प्रसिद्ध केले, परंतु त्या जागेवरून सरकत. १९७८ साली फिनी यांनी दोन्ही टोके वळविलेली नळी सुचविली. एक आकडा मूत्रपिंडात आणि दुसरा मूत्राशयात अडकून राहतो. हाच आपल्या परिचयाचा डी. जे. स्टेंट होय. दुसरा मार्ग पाठीतून. कातडी बधिर करून, सोनोग्राफीत पाहत, सुईच्या वाटेने सरळ मूत्रपिंडात नळी बसवितात व मूत्र बाहेरच्या पिशवीत घेतात. हिला नेफ्रॉस्टॉमी म्हणतात. गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली ही रीत अमेरिकेतील वैद्यकीय पत्रात मांडली. कर्करोगाने बाहेरून घट्ट आवळलेल्या मूत्रवाहिनीत स्टेंट कित्येकदा चढत नाही, किंवा चढूनही दाबला जातो. अशा वेळी पाठीतील नळी अधिक भरवशाची ठरते. पिशवी पाहून रुग्णास संकोच वाटतो हे आम्ही जाणतो. पण ती लुगड्याच्या वा सैल कपड्याच्या आत झाकली जाते, आणि काहींच्या बाबतीत पुढे काढताही येते.

वाट मोकळी होताच पहिले एक-दोन दिवस लघवीचा लोट सुरू होतो. हे भिण्याचे कारण नाही. मात्र पाणी व क्षार यांवर इस्पितळात लक्ष ठेवावे लागते. क्रिएटिनिन काही दिवसांत उतरू लागते. ते किती उतरेल हे मूत्रपिंड किती काळ अडलेले होते यावर अवलंबून असते. कित्येक आठवडे पूर्ण बंद राहिलेले मूत्रपिंड पूर्ववत होत नाही. म्हणून ‘दिवाळी झाली की पाहू’ हे वाक्य या रोगात उच्चारू नये.

स्टेंटविषयी एक सूचना आम्ही आग्रहाने करतो. स्टेंट ही मुदतीची वस्तू आहे. साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी, वैद्य सांगतील त्याप्रमाणे, ती बदलावी वा काढावी लागते. बरे वाटले म्हणून ती विसरली गेली तर तिच्यावर क्षारांचे थर चढतात, ती नव्याने वाट बंद करते, आणि जो काढणे दहा मिनिटांचे काम होते तो स्टेंट मोठ्या शस्त्रक्रियेने काढावा लागतो. ज्या घरात वीजबिलाची तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहिली जाते, त्या घरात स्टेंटचीही तारीख तेथेच लिहावी.

दुसरे काम मूळ कर्करोगाचा उपचार. तिसऱ्या टप्प्यात शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत. किरणोपचार करतात, ज्यास काही घरांतून नुसते ‘शेक’ म्हणतात. सुमारे पाच आठवडे बाहेरून किरण, त्याच काळात आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध, आणि त्यानंतर गर्भाशयमुखाशी किरणोत्सर्गी द्रव्य नेऊन आतून किरण, असा हा क्रम असतो. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडास बाधणारे औषध आहे. मूत्रपिंड अडलेले असता ते देता येत नाही, आणि मूत्राची वाट आधी मोकळी करण्याचे महत्त्व येथे प्रत्ययास येते. नळी बसविणे हा कर्करोगाचा उपचार नव्हे, पण पुष्कळदा ती बसविल्यावाचून कर्करोगाच्या उपचाराचा दरवाजा उघडत नाही.

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. याच रुग्णालयाने तिसऱ्या टप्प्याच्या ‘ब’ वर्गातील ८५० स्त्रियांवर २००३ ते २०११ या काळात अभ्यास केला आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ किरण मिळालेल्यांपैकी ४६ टक्के, आणि किरणांसोबत सिस्प्लॅटिन मिळालेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या. या सर्व स्त्रिया औषध सोसेल अशा प्रकृतीच्या निवडलेल्या होत्या. तेव्हा प्रत्येक रुग्णास हा आकडा जसाचा तसा लावता येणार नाही. तथापि, ज्या टप्प्यास आपण घरोघर ‘शेवटला’ म्हणतो, त्या टप्प्यातील योग्य उपचार मिळालेल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतरही आपल्या घरात वावरत होत्या, हे विसरू नये.

मूत्राशयात रोग शिरला असता उपाय अवघड होतात, परंतु संपत नाहीत. निवडक रुग्णांत रोगग्रस्त अवयव काढून, आतड्याच्या तुकड्याची नवी वाट करून मूत्र पोटावरील पिशवीत आणता येते. ब्रिकर यांनी १९५० साली ही रीत वर्णिली, आणि ती अजून प्रचारात आहे. छिद्र पडून झिरपणाऱ्या लघवीवरही मूत्र दुसऱ्या वाटेने वळविणे हा उपाय होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. उपचार पूर्ण होऊन वर्षे लोटल्यावर एखाद्या भगिनीचे मूत्रपिंड पुन्हा फुगलेले आढळले, तर रोग उलटलाच असे गृहीत धरून रडारड करू नये. किरणांमुळे मूत्रवाहिनी आकसूनही असे होऊ शकते. ते कर्करोगाचे परत येणे नसते, आणि त्यावरील इलाज निराळा असतो. तपासणीवाचून कोणताच निर्णय करू नये. उपचारानंतर बरे वाटत असताही ठरावीक काळाने सोनोग्राफी करण्याचे कारण हेच होय.

बंधूंनो, हा विषय केवळ भगिनींचा आहे असे समजून आपण आता पानसुपारीकडे वळला असाल, तर क्षणभर थांबावे. प्रोस्टेटचा कर्करोग मूत्राशयाच्या तोंडाशी वाढतो आणि मूत्राची वाट दोन्ही बाजूंनी अडवू शकतो. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखविले की, पुरुष-संप्रेरकाचा पुरवठा बंद केला असता हा पसरलेला कर्करोगही आक्रसतो. या कार्याबद्दल त्यांस १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे येथेही तोच न्याय लागू आहे: नळीने वाट मोकळी करावी, संप्रेरक रोखणाऱ्या औषधाने मूळ रोग आटोक्यात आणावा. पन्नाशीनंतर लघवीत रक्त दिसले आणि ते एकदाच दिसून थांबले, तरीही तपासणी करून घ्यावी.

आता सर्वांत कठीण भागाकडे येतो. वाट मोकळी करणे शक्य असते, परंतु ती प्रत्येक वेळी करावीच काय? कर्करोगाचे सर्व उपचार थकले आहेत, वेदना वाढत आहेत, रुग्ण अंथरुणास खिळला आहे, अशा वेळी नळी आयुष्य काही आठवडे वा महिने वाढवू शकते. पण त्यातील पुष्कळसा काळ नळी बदलणे, ताप, इस्पितळाच्या खेपा यांतच जाण्याचा संभव असतो. येथे सर्वांस लागू पडेल असे एक उत्तर नाही. एखादीस नातीचे लग्न पाहावयाचे असते, एखादीस परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहावयाची असते, एखादीस बँकेची व घराची कागदपत्रे सुरळीत करून जावयाचे असते; तिच्या दृष्टीने ते दोन महिने मोलाचे असतात. दुसरीस आपल्या गावच्या घरी, आपल्या देवघरासमोर, आणखी सुया न टोचता शांतपणे राहावयाचे असते. दोघींचेही म्हणणे योग्य आहे.

पण हे म्हणणे तिला विचारले जाते कोठे? ‘डॉक्टर, आईला काही सांगू नका’, हे वाक्य आमच्या व्यवसायातील मंडळींनी हजारदा ऐकले असेल. ते प्रेमापोटी निघते यात शंका नाही. परंतु ज्या स्त्रीने चाळीस वर्षे घरचा हिशेब ठेवला, तीन बाळंतपणे निभावली, सासूसासऱ्यांचे आजारपण काढले, ती स्वतःच्या शरीराचे वर्तमान ऐकण्यास असमर्थ आहे असे आपण कशाच्या आधारे ठरवितो? आणि तिला न कळविता घेतलेल्या निर्णयाचे ओझे पुढे मुलांनी आयुष्यभर वाहावे, हे तरी कोणत्या प्रेमात बसते? किती सांगावे हे तिच्या प्रश्नांवरून ठरवावे, पण तिच्या प्रश्नांस वाव द्यावा. वैद्यांसही तीन गोष्टी सरळ विचाराव्यात. या नळीने नेमके काय साधेल? ती बसविल्यावर कर्करोगाचा कोणता उपचार शक्य होईल? आणि नळी न बसविल्यास वेदना, धाप व मळमळ यांवर काय योजना कराल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे कधीच नसते. वेदनेवर मॉर्फिन हे उत्तम औषध असून वैद्यांच्या देखरेखीखाली ते दिल्यास व्यसन लागेल या भीतीने रुग्णास तळमळत ठेवणे योग्य नाही. त्याचा पुरवठा सुलभ व्हावा म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्तीही झाली आहे.

हे सर्व ऐकल्यावर मनात सहज येईल की, रोगास येथवर येऊच कशास द्यावे? तेच खरे आहे, आणि या रोगापुरते ते पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो. हा संबंध उलगडणाऱ्या हाराल्ड त्सूर हाऊझेन यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा प्रवेश आणि कर्करोग यांमध्ये सहसा अनेक वर्षे जातात, व त्या वर्षांत साध्या तपासणीने धोका ओळखता येतो. याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच मिळालेला आहे. तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. तेथील खेड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईतील वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ आम्ल द्रव लावून डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले; ते निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. विषाणूवर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या स्वदेशी लशीस २०२२ साली मान्यता मिळाली. ९ ते १४ या वयात मुलींस ती देणे सर्वांत हितकर असते. लस टोचल्याने मुलीच्या शीलावर शिंतोडा उडतो असे कोणी म्हणेल, तर त्यास एवढेच विचारावे की, देवीची लस टोचून घेताना आपल्या आजोबांनी कोणाचे शील तपासले होते?

शेवटी मंडळास तीन सूचना करतो. पहिली, ज्याप्रमाणे दरवर्षी वह्यावाटप होते, त्याप्रमाणे तिशीवरील भगिनींसाठी दरवर्षी एक तपासणी शिबिर भरवावे, आणि त्याचे निमंत्रण घरोघर जाऊन महिला शाखेने द्यावे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागणे, संबंधानंतर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ही लक्षणे कोणा भगिनीने लपवू नयेत, हे त्याच वेळी सांगावे. दुसरी, उपचारासाठी मुंबईस येणाऱ्या ज्ञातिबांधवांस सोबत करील असा स्वयंसेवकांचा एक लहान गट असावा. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी कर्करोगाच्या रुग्णांची उतरण्याची सोय होते, शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. पण कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यावयाचा हे परगावच्या माणसास सांगणारे कोणी असावे लागते. तिसरी, रुग्णाच्या घरी फळे घेऊन जाणाऱ्यांनी सोबत एक वही न्यावी. तीत क्रिएटिनिनचे आकडे, सोनोग्राफीच्या तारखा आणि स्टेंट बदलण्याची मुदत लिहून द्यावी. आजारी घरास सल्ले पुष्कळ मिळतात, तारखा लक्षात ठेवणारे मिळत नाहीत.

या सभेस जमलेल्यांपैकी एखाद्या घरी पुढील वर्षी सोनोग्राफीचा तसा कागद आला, आणि त्या घरच्या मंडळींनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्यापूर्वी वर सांगितलेले दोन प्रश्न वैद्यांस स्वतंत्रपणे विचारले, तर आजच्या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.  नाट्यप्रवेशासाठी मुले केव्हाची रंगून बसली आहेत. त्यांचा अधिक वेळ न घेता आम्ही आपली रजा घेतो.